पाठकांच्या घरून आलेला कॉम्प्युटर

आजवर हे माझ्या तोंडून निघालेलं नाही. देवापुढे बसले तरी नाही. लोक म्हणतात, देवाला सगळं ठाऊक असतं — असेल. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपण सांगणं वेगळं. मी सांगितलं नाही. लेकाला निम्मं माहीत आहे, सुनेला त्याहून जास्त. पुरतं कोणालाच नाही.

तुमची-माझी ओळख नाही ते बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ आजही उचलणार नाही. मी परतूरची. चौथीपर्यंत शिकले, लिहिता-वाचता येतं, पेपर रोज वाचते. शेत वाट्याने दिलेलं, घर स्टेशनच्या रस्त्याला. मालक लवकर गेले. एकच मुलगा, दिलीप. त्याला मीच वाढवलं आणि घर माझ्या शब्दावर चालवलं. गल्लीत कोणालाही विचारा, सांगतील — म्हातारी तोंडाची फटकळ आहे, पण खोटं बोलायची नाही. हे माझ्या कानावर पडलं की मी मान हलवत आले. इतकी वर्षं हलवत आले.

कॉम्प्युटरची गोष्ट आहे. हसू नका.

दिलीपची बायको संगीता लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स करून आली होती. घरात बसून अर्ज, लग्नपत्रिका, शाळांचे पेपर टाईप करून द्यायचे, असं तिच्या मनात होतं. मलाही ते बरं वाटलं. तिचं पोट दोन वेळा खाली झालं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले, पाचवा लागला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, वाकायचं नाही, उचलायचं नाही, बसून राहायचं. बसून राहणारं माणूस भिंतीकडे बघत बसतं आणि नको ते मनात आणतं. त्यापेक्षा बोटं चालली तर वाईट काय?

नवा कॉम्प्युटर घेणं झेपणारं नव्हतं. दिलीपला मंठ्यात एक वापरलेला मिळाला. तिथल्या कचेरीत पाठक म्हणून हेडक्लार्क होते, त्यांच्या घरचा. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, वाकळीत गुंडाळून, टीव्हीसारखा तो भाग मांडीवर घेऊन दिलीप आला.

"कशापायी विकला त्यांनी?" मी विचारलं.

"लागत न्हाई म्हणले आता," दिलीप म्हणाला आणि वायरी सोडवायला लागला. वर बघितलं नाही त्याने. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दुसऱ्याची वापरलेली वस्तू घरात आली की ती आपली करून घ्यावी लागते, हे मी लहानपणापासून बघत आले. भांडं असलं तर चिंच आणि राख. बाज असली तर सांध्यांत उकळतं पाणी आणि चार दिवस ऊन. आणि कोणाच्या मरणातली वस्तू असली, तर ती आणायचीच नाही. फुकट दिली तरी नाही. आमच्याकडे मेलेल्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. मी कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि तुळशीच्या पानाने त्याच्या बटनांवर गोमूत्र शिंपडलं.

संगीता ओरडली, "आत्या! बटनांत पाणी जाऊन राह्यलंय!"

"पाणी कुठंय? गोमूत्र हाय."

"त्याला काय कळतंय ते? त्याला ते बी पाणीच!"

दिलीप हसला. मीही हसले. एका कडेची बटनं त्या दिवसापासून चिकटली ती चिकटलीच, पण तेव्हा घरात हसू होतं, एवढं मला आठवतं.

मग संगीताने तिची पद्धत सांगितली. तिला क्लासात शिकवलं होतं — वापरलेला कॉम्प्युटर घेतला की तसाच वापरायचा नाही. आधीच्या मालकाने त्यात काय काय भरून ठेवलेलं असतं, कसकसले रोग शिरलेले असतात, ते आपल्याला दिसत नाहीत. त्यांचे पासवर्ड म्हणजे कुलुपं असतात, ती काढून आपली घालायची. इंटरनेटसाठी लागते ती फोनची वायर आधी जोडायची नाही. सगळं पुसून तो कोरा करायचा, आणि मग सीडीवरून नव्याने भरायचा. तेव्हा तो आपला झाला आणि बिनधोक झाला.

मला हे फार पटलं. माझ्या मनातलंच होतं ते. चिंच-राखेची गोष्ट, दुसरं काय?

लाईट आली तेव्हा तिने तो सुरू केला. आणि काचेवर एक फोटो आला. विशीतला पोरगा, मोटरसायकलवर बसलेला, आणि मागे त्याच्या खांद्याला धरून एक बाई. पदर उडालेला, डोळे मिटलेले, हसणारी. मायलेक, सांगायची गरज नव्हती.

"हा कोण?"

दिलीप मागच्या वायरी चाचपायला लागला. मी परत विचारलं, तेव्हा बोलला. पाठकांचा एकुलता एक. मिलिंद. औरंगाबादला शिकत होता. सुट्टीला घरी येताना वाटूरजवळ ट्रकखाली गेला. लग्न व्हायचं होतं, नोकरी लागायची होती, काहीच झालं नव्हतं.

मी लेकाला काय काय बोलले, ते लिहीत नाही. पोटुशी बायको घरात, दोनदा रिकामी झालेली, आणि हा अर्धवट गेलेल्या पोराची वस्तू मांडीवर घेऊन येतो! आमच्याकडे असं पोर गेलं की ते घुटमळतं असं मानतात. लग्न न झालेलं, मन न भरलेलं — ते जाणार कुठे? तुम्ही म्हणाल अडाणी बाई. म्हणा. पण संगीताची दोन्ही दुखणी मी काढली होती, माझ्या हाताने कपडे धुतले होते. मला भीती वाटली. ती खरी होती.

भीती खरी होती, हे मी पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं मी भीतीच्या नावावर ढकलत आले. ते तसं नाही.

दिलीप कामावर निघून गेला. मी संगीताला म्हणाले, पूस. आत्ताच्या आत्ता.

ती म्हणाली, "बघते तरी काय काय हाय ते." आणि तिने कुठेतरी दाबलं. त्या दोन लहान डब्यांतून, ज्यांतून आवाज येतो, एक पोरगा बोलायला लागला.

"बोल ना आई. इथं तोंड आण. हां, बोल."

"काय बोलू? भाजी करपायली तिकडं."

"हेच बोल."

"अरे, भाजी करपायली!" आणि बाई हसली. खळखळून, पोटातून. "झालं? सोड आता, गधड्या."

"थांब, आता ऐक तुझं तूच. कशी कोकलतीस ते."

एवढंच. मग परत शांत. आम्ही दोघी त्या डब्यांकडे बघत राहिलो.  संगीताच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती म्हणाली, "आत्या, असले लई हायेत यात. फोटो बी लई हायेत. त्यांच्या आईला लागतील की."

"पूस."

"ऐका तर. यात दोन कप्पे असतात. रोग, कुलुपं, सगळं या पहिल्या कप्प्यात. तेवढा पुसला तरी बिलकुल धोका न्हाई. पोराचं सगळं दुसऱ्या कप्प्यात हाय. ते तपासून ठेवते तसंच. दुकानात नेऊन सीडीवर काढू आणि देऊन टाकू. मंग तो बी पुसते. चार-आठ दिवसांचं काम."

समजलं ना तुम्हाला? मलाही समजलं होतं. चौथी शिकले म्हणून मला कळलं नाही, असं नाही. तिने कपाटाच्या कप्प्यांसारखं समजावून सांगितलं होतं. एक कप्पा पुसला की कॉम्प्युटर वापरायला बिनधोक होत होता. दुसरा पुसायची गरज नव्हती. चार-आठ दिवस थांबायचं होतं फक्त.

मी म्हणाले, "दोन्ही पूस."

"आत्या—"

"मेलेल्याचा आवाज मी या घरात एक रात्र राहू देणार न्हाई. तुझ्या पोटातलं जगवायचंय का न्हाई?"

असं म्हटल्यावर ती काय बोलणार होती? कोणती बाई काय बोलली असती? तिने पुसलं. त्याला वेळ लागला. काचेवर आकडे पुढे सरकत होते आणि ती पदराने नाक पुसत होती. मी तिच्यामागे उभी होते. मध्येच लाईट जाईल आणि काहीतरी उरेल, याची मला काळजी होती. गेली नाही. काहीही उरलं नाही.

झाल्यावर मी तिला देवापुढे नेलं. तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला आणि आण घातली — यात काय होतं आणि आपण काय पुसलं, ते कोणापाशी बोलायचं नाही. बोललीस तर पोटातल्याला भोवेल. गावात बोभाटा नको, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. आमच्याकडे आण म्हणजे गंमत नसते. जो घालतो त्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. पोटातल्या लेकराची तर नाहीच.

आता त्या बाईचं.

महिना झाला असेल. संगीताचं टायपिंग सुरू झालं होतं. मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. फाटकातून आवाज आला, "दिलीपरावांचं घर हेच का हो?" मी मान वर करायच्या आधी माझे हात थांबले. तो आवाज मी ऐकलेला होता. फक्त त्यातलं हसणं काढून घेतलेलं होतं.

मालतीबाई पाठक. मंठ्याहून एसटीने एकट्या आल्या होत्या. वाळून गेलेल्या, केस कसेतरी बांधलेले. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरला, प्यायल्या नाहीत.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. पोरगं गेल्यावर त्या रात्रंदिवस त्या कॉम्प्युटरपुढे बसायच्या. त्याचा आवाज ऐकायच्या. स्वयंपाक नाही, आंघोळ नाही. नातेवाईक म्हणाले, ही वेडी होईल. मग एक दिवस त्या माहेरी गेल्या असताना पाठक साहेबांनी तो विकून टाकला. घरी आल्यावर केवढं रामायण झालं. साहेब देवाच्या तसबिरीला हात लावून म्हणाले, मी त्यातलं काही पुसलेलं नाही, सगळं आहे तसं आहे, चांगल्या घरी दिलंय, तू जरा सावर, मग आपण जाऊन घेऊन येऊ.

"मी सावरले आता," मालतीबाई म्हणाल्या. "जेवते, झोपते. कॉम्प्युटर नकोय मला परत. तो तुम्ही वापरा. फक्त त्याचा आवाज घेऊन जायचाय. कसा न्यायचा ते मला कळत नाही, तुम्ही सांगाल तसं करते."

बघा, मागितलं ते किती? आणि माझ्याजवळ तेही नव्हतं. पुसलं होतं.

मी काय करू शकत होते? खरं सांगता आलं असतं. 'बाई, माझ्या हातून घडलं, घरात पोटुशी आहे, मी भ्याले.' त्या रडल्या असत्या, किंचाळल्या असत्या, मला शिव्या दिल्या असत्या. एकुलतं एक गेलेल्या आईचा तळतळाट — मी त्यालाच भ्याले. तो या घरावर पडला असता. संगीता आतल्या दारात उभी होती, पोट पुढे आलेलं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की तळतळाट कुठेतरी पडणार, तर तो इथे पडायला नको.

मी म्हणाले, "बाई, तो तर आमच्याकडं रिकामाच आल्ता."

"रिकामा?"

"कोरा. काहीच नव्हतं त्यात. पुसूनच दिला असणार साहेबांनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "नाही हो. ते म्हणाले, तसबिरीला हात लावून..."

मी इथे थांबू शकले असते. तेवढ्यानेही भागलं असतं. पण मी पुढे बोलले, आणि ते मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. मी म्हणाले, "बायका रडाय लागल्या की पुरुष सांगतातच तसं. त्यांनी तुमच्या भल्यासाठीच केलं असल. पण केलं त्यांनीच."

का बोलले मी ते?

भीतीने नाही. भीतीचं काम पहिल्या वाक्यात झालं होतं. तर ऐका — ज्या दिवशी त्या डब्यांतून ती बाई हसली, त्या दिवसापासून ते हसणं माझ्या डोक्यात होतं. माझा दिलीप जिवंत आहे, पायाशी आहे, माझा शब्द मोडत नाही. पण त्याने मला कधी 'इथं तोंड आण' म्हटलं नाही. माझी भाजी करपली, तर तो गप्प खातो. मी त्याला कधी 'गधड्या' म्हणून हसले नाही. मला हेवा वाटला होता. पोरगं मेलेल्या बाईचा मला हेवा वाटला होता. आणि ती माझ्या ओट्यावर येऊन सांगत होती की तिच्या नवऱ्यानेही तिच्यासाठी सगळं जपून ठेवलंय. अजून तिच्याकडे असा माणूस होता.

तो मी काढून घेतला. पुसण्यापेक्षा हे वाईट. पुसताना मी घाबरलेली होते. हे मी शांतपणे केलं, ज्वारीचं सूप मांडीवर घेऊन.

मालतीबाई रडल्या नाहीत. तांब्या खाली ठेवला. "म्हणजे यांनीच," एवढं म्हणाल्या आणि एसटी स्टँडकडे चालत्या झाल्या. आत संगीता भिंतीला धरून बसली होती. मी तिला म्हणाले, "आण आठवतीय ना?" ती भिंतीला धरून उठली आणि चुलीकडे गेली.

संध्याकाळी मीच दिलीपला सांगितलं, बाई येऊन गेली, कॉम्प्युटर कोरा आला होता असं म्हणाले. "आई, तू असं का म्हणलीस?" त्याने विचारलं. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो जेवायला बसला. माझ्यापुढे तो कधी गेलाच नाही. मी त्याला तसाच केला होता.

मग साहेब आले. पाठक साहेब. दोनेक आठवड्यांनी असेल. चपला बाहेर काढल्या, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. इस्त्रीचा शर्ट, आणि दाढी वाढलेली. दिलीप घरी नव्हता.

"वहिनी," मला म्हणाले, "मी पुसलं नाही हो. मला पुसता येतच नाही. चालू कसा करायचा, तेही मिलिंद दाखवायचा. आमची मंडळी घरात बोलत नाहीत माझ्याशी. ताट वाढतात आणि आत जातात. तुम्ही एकदा येऊन सांगा त्यांना, काय झालं ते. कोणाकडून काही चुकलं असेल तरी माझं काही म्हणणं नाही. कसं का गेलं असेना. फक्त मी नाही केलं, एवढं सांगा."

त्या माणसाने मला वाटही काढून दिली होती. चुकलं असेल तरी चालेल म्हणाला. तळतळाट नाही, भांडण नाही.

मी काय म्हणाले? म्हणाले, "साहेब, मी चौथी शिकलेली बाई. मला त्या यंत्रातलं काय कळतंय?"

जन्मभर मला अडाणी म्हणणाऱ्यांशी मी भांडले. त्या दिवशी मी तेच अंगावर पांघरून घेतलं. किती सोयीचं होतं ते!

साहेबांनी आत बघितलं. संगीता चौकटीला टेकून उभी होती. "सूनबाई," ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तू तरी सांग. त्यात होतं ना सगळं?"

संगीताने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि खाली बघितलं. साहेबांनी तो हात बघितला, मग मला बघितलं. त्यांना कळलं. कसं, ते सांगता येणार नाही, पण कळलं. 

"जपून राहा हं," संगीताला एवढं म्हणाले. चपला घालून गेले.

त्यांना कळलं होतं, तर त्यांनी बायकोला सांगितलं नसेल का? सांगितलं असेल. पण तिने ऐकावं कशाला? दुसऱ्यावर ढकलतोय, असंच तिला वाटलं असणार. साक्षीला मीच होते, आणि मी साक्ष देऊन चुकले होते.

संगीताला मुलगी झाली. धडधाकट. मी नवस फेडला. गल्लीत पेढे वाटले. मनात म्हणाले, बघ, तू केलंस ते बरोबरच केलंस. अशी मी होते.

पण संगीता माझ्याशी बोलेनाशी झाली. कामापुरतं बोलायची. चहा ठेवायची, औषध द्यायची, पोरीला माझ्या मांडीवर द्यायची. कशात काही कमी केलं नाही. नुसती बोलायची नाही. मंठ्याची बातमी येत राहायची, येणारं-जाणारं कोणी ना कोणी असतंच. पाठकांच्या घरी तेच चाललं होतं. बाई दोन वेळचं रांधतात, साहेबांचे कपडे धुतात आणि शब्द बोलत नाहीत. साहेब रिटायर झाले. दिवसभर बाजारपट्टीतल्या एका दुकानाच्या फळीवर बसून असतात म्हणे. बातमी ऐकली की संगीता उठून आत जायची. मालतीबाईंच्या घरात आणि माझ्या घरात एकच गोष्ट चालली होती, हे मला दिसत होतं.

नात शाळेत जायला लागली, त्या वर्षी पाठक साहेब गेले. झोपेतच. सकाळी बाईंनी चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला. हाक मारायची तर बोलणं बंद. दुपारपर्यंत कोणाला कळलंच नाही, असं आमच्या कानावर आलं. खरं-खोटं मला माहीत नाही.

त्या दिवशी संगीता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी सरळ तोंडाकडे बघून बोलली.

"आत्या, माझी आण सोडवा."

मी वाती वळत होते, त्या वळतच राहिले.

"साहेब तर गेले. त्या बाईला आता तरी कळू द्या. मी जाते, सांगते, पाय धरते त्यांचे. तुम्ही नुसतं सुटली म्हणा."

एक शब्द. तो म्हणायला काय लागतं? पण ती गेली असती, तर बाईला कळलं असतं की त्या दिवशी ओट्यावर मी काय केलं. सुनेच्या तोंडून कळलं असतं. मी म्हणाले, "केलंय मी, तर सांगायची बी मीच. तू राहू दे. मी जाते."

आणि मी गेले, ते सांगायलाच गेले. यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मंठ्यापर्यंत एसटीत मी वाक्य जुळवत होते.

घरात पाच-सहा बायका होत्या. मालतीबाई भिंतीला टेकून बसलेल्या. कपाळ मोकळं. मला बघून त्यांनी हात पुढे केला आणि मला जवळ बसवून घेतलं. बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "या परतूरच्या. यांच्याकडे गेला होता मिलिंदचा कॉम्प्युटर."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

त्या आधी बोलल्या. "तुम्ही तेव्हा खरं सांगितलंत, वहिनी. दुसरं कोणी असतं, तर माझं मन राखायला काहीतरी सांगितलं असतं. हे शेवटपर्यंत म्हणत राहिले, मी नाही, मी नाही. एकदा माझी क्षणभर चलबिचल झाली होती. वाटलं, असेलही खरं. पण मग तुम्ही आठवलात. म्हटलं, त्या माउलीला काय पडलंय खोटं बोलायचं?"

माझा हात त्यांच्या हातात होता. मी काढून घेतला नाही. आता सांगितलं, तर या बाईकडे काय राहतं? असं मी स्वतःला म्हणाले. तिच्या भल्यासाठीच गप्प बसले, असं. साहेबांच्या नावावर मीच एकदा लावलेलं कारण होतं ते, आता माझ्या उपयोगी आलं. खरं तर त्या पाच-सहा बायका माझ्याकडे चांगल्या नजरेने बघत होत्या. ते मला घालवायचं नव्हतं.

सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मीही काही न म्हणता उठले.

मालतीबाई अजून आहेत. त्याच घरात, एकट्या.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. संगीता फाटकातच उभी होती. पोरीला आत पाठवलं आणि मला विचारलं, "सांगितलंत?"

मी म्हणाले, "सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. आण सुटली तुझी."

"काय म्हणल्या?"

"काय म्हणणार? रडल्या. माफ केलं म्हणाल्या."

संगीताचा चेहरा कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही. ती तिथेच, फाटकात, रस्त्यावरून माणसं जात असताना खाली बसली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली. "लई अवघड केलंत, आत्या," म्हणत राहिली. "लई मोठं केलंत."

मी पाय मागे घेतले नाहीत.